पुस्तकातली वस्ती आणि वर्गातली मुलगी

जुलैचा दुसरा आठवडा होता. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर क्षेत्रकार्याची यादी लागली होती, कोणाला कोणती संस्था आणि कोणाला कोणती वस्ती. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाची मुलं बोटानं आपापलं नाव शोधत होती. दुपारी एक मुलगी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. हातातली फाइल या हातातून त्या हातात करत राहिली, बोलेचना. मग म्हणाली, "मॅडम, मला दुसरी वस्ती मिळेल का जी? यादीत माझ्या नावापुढं जी आहे ना, तिथं आमचंच घर आहे."

नागपुरातल्या पिवळ्या नदीच्या काठची ती वस्ती. यादीत तिच्या नावापुढे कंसात एक शब्द होता, 'समस्याग्रस्त'. तो मीच टाइप केलेला. दरवर्षी आमचे विद्यार्थी तिथं जायचे, सर्व्हे करायचे, अहवाल लिहायचे. व्यसन, शाळागळती, कर्ज, अस्वच्छता हे चार मथळे त्या अहवालात ठरलेले. त्या वस्तीतली मुलगी उद्या माझ्याच वर्गात वही उघडून बसेल, ही शक्यता यादी करताना मी धरलीच नव्हती.

समाजकार्य शिक्षणातली विविधता आणि समावेशन यावर हल्ली बरंच बोललं जातं. परिसंवाद होतात, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत त्यासाठी पानं असतात. पण हे शब्द ऐकून घरी गेलेल्या माणसाला कोणी विचारलं, "म्हणजे नेमकं काय हो?" तर सांगता येत नाही. कॉलेजात क्षेत्रकार्य शिकवताना मला ते जसं समजत गेलं तसं इथं मांडते आहे.

दोन शब्द, दोन वेगळ्या गोष्टी

विविधता म्हणजे हजेरीपटावर कोण कोण आहे. कोणत्या जातीची, जमातीची, धर्माची, भाषेची, गावाकडची, शहरातली, अपंग, ट्रान्सजेंडर अशी किती मुलं वर्गापर्यंत पोहोचली. समावेशन म्हणजे हजेरी घेऊन झाल्यावर त्या खोलीत काय घडतं. कोणाच्या अनुभवाला ज्ञान म्हणतात आणि कोणाच्या अनुभवाला 'केस'. कोणाची भाषा शुद्ध ठरते. कोण बिनधास्त हात वर करतं आणि कोण दोन वर्षांत एकदाही तोंड उघडत नाही. पहिली गोष्ट एकदा मोजली की झालं, दुसरीकडे रोज लक्ष ठेवावं लागतं.

हा फरक कोणत्याही विषयाच्या वर्गात महत्त्वाचाच आहे. समाजकार्यात तो जास्त टोचतो. अभियांत्रिकीच्या वर्गात पूल शिकवतात, पण पूल काही बाकावर बसलेला नसतो. आमच्याकडे ज्यांच्याबद्दल शिकवतात ती माणसं वर्गातच बसलेली असतात. 'मद्यपी पालकांच्या मुलांचे प्रश्न' असं फळ्यावर लिहिलं की तिसऱ्या बाकावरचा एखादा मुलगा वहीत मान घालतो. पाठ फळ्याकडे असलेल्या शिक्षकाला ते दिसत नाही.

या व्यवसायाच्या व्याख्येतच ही गोष्ट लिहिलेली आहे. 2014 साली मेलबर्नमध्ये समाजकार्यकर्त्यांच्या आणि समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी जी व्याख्या मान्य केली, तिच्यात सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही तत्त्वं केंद्रस्थानी आहेत. त्याच व्याख्येत आदिवासी आणि स्थानिक समाजांच्या ज्ञानालाही समाजकार्याचा आधार मानलं आहे. अमेरिकेत समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेनं 2022 च्या निकषांत एक पाऊल पुढे टाकलं. वंशभेदाला विरोध, विविधता, समता आणि समावेशन हे विद्यार्थ्याला कामातून दाखवावं लागेल, असं तिथं ठरलं. आपल्याकडे वकिलीला किंवा नर्सिंगला आहे तशी समाजकार्याला वैधानिक परिषद नाही. त्यामुळे हे सगळं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर, कॉलेजवर आणि शेवटी एकेका शिक्षकावर येऊन पडतं.

हजेरीपटावरचं नागपूर

नागपुरात विविधता कुठून आणावी लागत नाही. माझ्या वर्गात इंदोरा-पाचपावलीची बौद्ध मुलं असतात, मोमिनपुरा आणि ताजबागकडच्या मुली असतात, उमरेड, काटोल, कुहीकडच्या कुणबी-तेली शेतकऱ्यांची पोरं असतात. गडचिरोलीहून गोंड आणि माडिया, यवतमाळकडून कोलाम, मेळघाटातून कोरकू मुलं येतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचं प्रमाण 9.35 टक्के होतं. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात ते 38 टक्क्यांहून जास्त होतं, आणि तिथली मुलं पुढच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षं नागपूरचीच वाट धरत आली. यातल्या बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस.

हे आरक्षणानं घडवलं आणि ते साधं काम नव्हतं. त्याबद्दल तोंड वाकडं करणाऱ्यांशी मी वाद घालत आले आहे आणि घालत राहीन. पण दार उघडणाऱ्या या व्यवस्थेची कागदपत्रं जवळून बघितली की कळतं, प्रवर्ग म्हणजे माणूस नव्हे. कैकाडी समाज घ्या. राजुरा तालुका सोडला तर विदर्भात तो अनुसूचित जातीत मोडतो, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सोयरिकी दोन्हीकडे, बोली एक, टोपल्या विणायचा धंदा एक. तरी शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आणि वसतिगृहही वेगळं.

किंवा जात प्रमाणपत्राचा पुरावा घ्या. विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 किंवा त्याआधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचं दाखवावं लागतं. ज्यांचे आजोबा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरले, त्यांनी त्या काळातला कागद आणायचा कुठून? त्यांच्यातल्या अनेक जमातींवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. म्हणजे काही घरांत सगळ्यात जुना सरकारी कागद सापडलाच तर तो पोलीस ठाण्यातल्या हजेरीचा. एका पारधी विद्यार्थ्यानं मला हे अगदी सहज सांगितलं होतं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

प्रवर्गाचा प्रश्न फायलीपुरता नसतो हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. 23 नोव्हेंबर 1994 ला हिवाळी अधिवेशनाच्या काळात, अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. त्यांत बायका होत्या, कडेवरची लेकरं होती. सीताबर्डीवरून रोज जाताना त्यांचं स्मारक दिसतं. अनुसूचित जमातीची मान्यता मात्र गोवारींच्या हाती अजून नाही, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्या विरोधात गेला. समाजकार्याच्या वर्गात आरक्षण शिकवायचं तर माझ्या मते त्या स्मारकापाशी उभं राहून शिकवावं.

पैशाचंही एक बोलून टाकते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम मिळते. मूळ योजनेत नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी ती वर्षाला 60,000 रुपये ठरली होती. योजना चांगली आहे. पण खोलीभाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं आणि अनुदान येतं ते त्याच्या सवडीनं. मधल्या महिन्यांत मुलगा रात्री एखाद्या मंगल कार्यालयात वाढपी म्हणून उभा राहतो आणि सकाळच्या तासाला डुलक्या घेतो. त्याला 'अभ्यासात रस नाही' असा शेरा देणं फार सोपं असतं.

इतिहास कोणापासून सुरू करायचा

समाजकार्याचा इतिहास मी विद्यार्थिनी म्हणून तोंडपाठ केला होता. इंग्लंडमधला 1601 चा दारिद्र्य कायदा, 1869 ची लंडनची धर्मादाय संघटना, 1884 चं टॉयन्बी हॉल, 1889 चं शिकागोतलं हल हाउस, ही दोन्ही गरीब वस्तीत राहून काम करणारी केंद्रं. मग थेट 1936, मुंबई, क्लिफर्ड मॅन्शर्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं टाटांच्या मदतीनं सुरू केलेलं देशातलं पहिलं समाजकार्य विद्यालय. हे सगळं खरं आहे आणि शिकवायलाही हवं. पण एवढंच शिकलं की मनात बसतं, समाजकार्य बाहेरून आलं, शिकल्या-सवरल्यांनी केलं, आणि आपली माणसं फक्त घेणाऱ्या रांगेत उभी होती.

आता याच गावातल्या गोष्टी घ्या. 1921 मध्ये कमलाताई होस्पेट यांनी नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला, बाळंतिणींच्या सेवेसाठी. पुढे याच संस्थेनं समाजकार्याचं कॉलेजही काढलं. त्याच सुमारास जाईबाई चौधरी अस्पृश्य मुलींसाठी शाळा चालवत होत्या. उमरेडकडची ही बाई, पोटासाठी डोक्यावर ओझी वाहिलेली, मग शिकून शिक्षिका झालेली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी मुलं काढून घेतली तेव्हा त्यांनी स्वतःची शाळा उभी केली, चोखामेळ्याच्या नावानं. आणि जुलै 1942 मध्ये नागपुरातच दलित वर्गाच्या अखिल भारतीय अधिवेशनात स्त्रियांची वेगळी परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायांना रजा, असे ठराव झाले. बाबासाहेबांनी तिथंच सांगितलं होतं की समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो.

समुदाय संघटन, सामाजिक कृती, स्त्रियांसोबतचं काम, श्रमकल्याण, आमच्या चार विषयांचा मालमसाला त्या एका परिषदेत आहे. मी शिकले तेव्हा तिचं नाव वर्गात एकदाही निघालं नाही. आता मी दरवर्षी पहिल्या महिन्यात सांगते. एका वर्षी एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, माझी पणजी गेली होती त्या अधिवेशनाला, घरी सांगतात." त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोलायला लागला. अभ्यासक्रमात समावेशन आणायचं म्हटलं की लोकांना वाटतं, शेवटी एखादं 'दलित व आदिवासी' नावाचं प्रकरण जोडायचं. ते नुसतं शेपूट लावणं झालं. मुळात गोष्ट कोणापासून सांगायला सुरुवात करतो, तिथं बदल करावा लागतो.

लाल शाई

आता भाषेबद्दल, कारण इथं माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली.

क्षेत्रकार्यावरून आल्यावर विद्यार्थी रेकॉर्डिंग लिहितो, म्हणजे कोणाला भेटलो, काय बोलणं झालं, काय जाणवलं. पर्यवेक्षक ते तपासतो आणि आठवड्याच्या आयसीत, म्हणजे समोरासमोरच्या बैठकीत, त्यावर चर्चा करतो. एका विद्यार्थ्यानं शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाच्या आईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं: "बाई म्हणे का, पोराले शाळेत धाडून काय करू, मास्तर त्याले मांगंच बसवते." मी लाल शाईनं ते खोडलं, समासात 'प्रमाण भाषेत लिहा' असा शेरा दिला. त्यानं बिचाऱ्यानं पुन्हा लिहून आणलं: "सदर महिलेने मुलाच्या शिक्षणाबाबत अनास्था व्यक्त केली."

मी त्यावर सही केली.

काही महिन्यांनी जुन्या फायली चाळताना दोन्ही पानं एकापाठोपाठ दिसली आणि मी हबकले. ती बाई शाळेतल्या भेदभावाची तक्रार करत होती. माझ्या शुद्ध मराठीनं तिच्या तक्रारीची तिचीच 'अनास्था' करून टाकली होती. प्रश्न मास्तरचा होता, अहवालात तो आईचा झाला. आणि या अहवालांवरच संस्था आपले कार्यक्रम ठरवतात. त्या बाईच्या दारात उद्या शिक्षणाचं महत्त्व सांगणारं पथनाट्य जाणार आणि मास्तर तसाच राहणार.

तेव्हापासून आमच्याकडे रेकॉर्डिंगच्या पानाला दोन रकाने असतात. डावीकडे माणूस जे बोलला ते त्याच्याच बोलीत, वऱ्हाडी असो, झाडी असो, नागपुरी हिंदी असो. उजवीकडे विद्यार्थ्याचा अर्थ. डावीकडे कोणी लाल शाई लावायची नाही. गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी हे आणखी गरजेचं आहे. 2011 च्या जनगणनेत देशात जवळपास 30 लाख लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली. ती द्रविड कुळातली भाषा आहे, मराठीची बोली नाही. गोंड मुलगा मराठीत पेपर लिहितो तेव्हा तो दुसऱ्या भाषेत लिहीत असतो आणि इंग्रजी संदर्भग्रंथ वाचतो तेव्हा तिसऱ्या. त्याच्या शुद्धलेखनाचे गुण कापताना हे डोक्यात असायला हवं. दुसरीकडे गडचिरोलीतल्या कोरची किंवा भामरागडच्या गावात कामाला जायची वेळ आली की दुभाष्याशिवाय बोलू शकणारा वर्गातला तो एकटाच असतो. त्याबद्दल त्याला गुण देणारा रकाना मात्र मार्कलिस्टवर नसतो.

तोच फॉर्म, आपल्या घरासाठी

क्षेत्रकार्य हा आमच्या शिक्षणाचा कणा. आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी बाहेर असतो. पुस्तकात शिकवतात की समोरच्याबद्दल निवाडा करू नका, त्याला आहे तसा स्वीकारा. परीक्षेत हे उत्तर सगळ्यांचं बरोबर येतं.

काही वर्षांपूर्वी मी एक गोष्ट करून बघितली. वस्तीत जो सर्व्हे फॉर्म भरून घेतो तोच वर्गात वाटला आणि म्हटलं, हा आपल्या घरासाठी भरा. घरात कोणाला व्यसन आहे, किती? कर्ज किती, कोणाचं? शौचालय आहे का? नवरा-बायकोत भांडणं होतात का, कोणत्या कारणानं? नाव लिहायचं नाही, कागद माझ्याकडे द्यायचा नाही, फक्त भरायचा.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. धरमपेठेतली एक हुशार मुलगी पेन खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, हे फारच खासगी आहे. असं कोणी कसं विचारू शकतं?" तिच्या मागच्या बाकावर दोन मुलांचं पाच मिनिटांत भरून झालं होतं. त्यातला एक म्हणाला, "आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतंच हा घेऊन. सवय आहे."

त्या एका तासात मुलं जे शिकली ते मला व्याख्यानानं कधी शिकवता आलं नसतं. धरमपेठेतल्या त्या मुलीनं पुढे फॉर्ममधले सहा प्रश्न काढायला लावले आणि 'उत्तर द्यायचं नसेल तर चालेल' हे वाक्य सगळ्यात वर टाकायला लावलं. समावेशन म्हणजे वंचित मुलांना हात देऊन वर ओढणं, अशी एक समजूत आहे. पण ज्या मुलाच्या दारात कधी सर्व्हेवाला आला नाही, त्याच्या शिक्षणातही एक मोठी उणीव असते. ती त्याच वर्गात, त्या मागच्या बाकामुळे भरून निघते.

कोणाला कुठं पाठवायचं

यादीतल्या त्या मुलीकडे परत येते. मी आधी म्हटलं, ठीक आहे, बदलून देते. मग वाटलं, ही चूक झाकून टाकणं झालं. तिला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, पहिलं सेमिस्टर दुसरीकडे जाते. पण आमच्या वस्तीचे जुने अहवाल मला वाचायचे आहेत.

सहा वर्षांचे अहवाल तिनं तीन दुपारी लायब्ररीत बसून वाचले. चौथ्या दिवशी आली. "मॅडम, यात नळ नाही." मला कळलं नाही. "नळासाठी बायकांनी महापालिकेवर मोर्चा नेला होता. माझी आई होती, माझी काकू होती. दोन वर्षं चालू होतं ते. या सगळ्या अहवालांत एकदाही नाही. दारू मात्र प्रत्येक पानावर आहे."

आमचे विद्यार्थी सकाळी अकरा ते चार वस्तीत असायचे. बायका त्या वेळी कामावर. घरी सापडायचे ते म्हातारे आणि रिकामे बसलेले पुरुष. फॉर्ममध्ये 'समस्या' असा रकाना होता, 'तुम्ही काय करून बघितलं' असा नव्हताच. त्यामुळे सहा वर्षं एक लढणारी वस्ती आमच्या कागदांवर पडलेली वस्ती म्हणून उतरत राहिली.

क्षेत्रकार्याच्या वाटपात आणखीही गोष्टी लपलेल्या असतात. आदिवासी मुलाला आदिवासी प्रकल्प, मुस्लिम मुलीला मोमिनपुरा, बौद्ध मुलाला बौद्ध वस्ती, 'त्यांना सोपं जातं' म्हणून. आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा विभाग, कौटुंबिक न्यायालय, जिथं पुढे नोकरी मिळते, तिथं इंग्रजी येणारी मुलं. कोणी ठरवून करतं असं नाही, हाताला वळण पडलेलं असतं. एकदा मागच्या पाच वर्षांच्या याद्या समोर ठेवून बघा म्हणजे दिसतं. खेड्यातल्या शिबिरात 'आडनाव काय?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि त्यानंतर कोणाच्या ताटाला कोणती वागणूक मिळते ते मुलं गुपचूप सोसतात. शिबिराआधी गावच्या सरपंचांशी यावर स्पष्ट बोलून घेणं हे पर्यवेक्षकाचं काम आहे, विद्यार्थ्याच्या सहनशक्तीचं नव्हे.

विदर्भात सिकलसेलचाही, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही, विचार करावाच लागतो. 2016 च्या अपंग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि त्यात सिकलसेल आला. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा आणि 'वाजवी सोय' हा हक्क त्यात आहे. वाजवी सोय म्हणजे मेहरबानी नव्हे. काम तेच, फक्त ते करता येईल अशी मांडणी. एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नसून प्रत्यक्ष आजार, असलेल्या मुलाला थंडी, कमी पाणी, अति श्रम, जंतुसंसर्ग यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. आणि आमचं शिबिर असतं ऐन जानेवारीत, पहाटे साडेपाचला प्रभात फेरी, मग श्रमदान. एक मुलगा तिसऱ्या दिवशी पांघरूण सोडेना. बाकीची मुलं कामचुकार म्हणून चिडवत होती, तो काही सांगत नव्हता, कारण गावाकडे सिकलसेल कळला की लग्न मोडतात. आता शिबिराआधी एक चिठ्ठी प्रत्येकानं बंद पाकिटात द्यायची पद्धत आहे. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, गरम पाणी, उशिराची पाळी, श्रमदानाऐवजी गावाचा नकाशा करण्याचं काम, एवढ्यानं भागतं. फार खर्च येत नाही.

ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, 2019 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्राची वाट करून दिली. पण हजेरीपटावर कोणतं नाव पुकारायचं आणि शिबिरात झोपायची सोय कुठं करायची, हे त्या मुलाला किंवा मुलीला एकांतात विचारायला कोणत्याही प्रमाणपत्राची वाट बघावी लागत नाही.

तक्रारीची सोय कायद्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितला आहे. आपल्या कॉलेजात तो अधिकारी कोण, हे पहिल्या वर्षाच्या दहा मुलांना विचारा. त्यांना नाव सांगता आलं तर कक्ष चालू आहे असं समजा.

ती मुलगी दुसऱ्या वर्षी स्वतःहून त्या वस्तीच्या गटात आली. पहिल्या वर्षाच्या चार मुलांना घेऊन ती संध्याकाळी सहानंतर जायची, बाया कामावरून परतल्यावर. त्या वर्षीच्या अहवालात पहिल्यांदा मोर्च्याच्या तारखा आल्या, अर्जांचे आवक क्रमांक आले. तिच्या आईनं एका पिशवीत जपून ठेवलेले सगळे कागद तिनं झेरॉक्स करून जोडले.

यंदाची यादी मागच्या आठवड्यात लागली. त्या वस्तीच्या नावापुढे कंसात लिहिलं आहे: नळजोडणी, मालकी पट्टे, नाल्याची भिंत. हे तिथल्या बायांनी सांगितलं. मी फक्त टाइप केलं.